तीन ब्लॉकेज, दोन डॉक्टर आणि गड्ड्याची काठी

पत्र थोडक्यात असं आहे:

"मावशी, बाबा ६३ वर्षांचे. चाळीस वर्षं टॉवेलच्या मागावर काढली. शुगर चौदा वर्षांपासून. दोन महिने झाले, जिना चढला की छातीत दाबल्यासारखं होतं, बसले की जातं. अँजिओग्राफी केली तर तिन्ही नळ्यांत ब्लॉकेज निघाले, एलएडी नावाच्या मुख्य नळीत अगदी सुरुवातीलाच ९० टक्के, बाकी दोन्हीत ८० आणि ७०. हृदयाचं पंपिंग ४५ टक्के. एक डॉक्टर म्हणतात बायपासच करा, दुसरे म्हणतात कशाला, चार स्टेंट टाकतो, तिसऱ्या दिवशी घरी. आई रडायलीय, छाती कापू देणार नाही म्हणते. पुण्याचे दाजी म्हणतात आजकाल बायपास करतं कोण. शेजारच्या काकांना दोन स्टेंट टाकले, ते आठवड्यात सिद्धेश्वरला चालत जाऊन आले. मी कुणाचं ऐकू? ता.क. बाबा स्वतः एकच विचारतात, यंदा गड्ड्याला, म्हणजे संक्रांतीच्या सिद्धेश्वराच्या जत्रेला, नंदीध्वजाची काठी धरता येईल का. हसावं का रडावं कळेना. — सोलापूरच्या अशोक चौकातला एक मुलगा"

अरे बाळा, तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या ता.क.पाशीच अडकले. त्यावर शेवटी येते, आधी शेजारच्या काकांचं मिटवू. त्यांना जाऊन विचार की अटॅक आला होता का. बहुतेक हो म्हणतील. अटॅक चालू असतो तेव्हा एक नळी गच्च बंद झालेली असते, मिनिटामिनिटाला हृदयाचा स्नायू मरत असतो, तिथं ती नळी उघडून स्टेंट टाकणं हाच उपाय, जितका लवकर तितका चांगला, त्यावर कुठल्याच डॉक्टरांत भांडण नाही. बाबांचं तसं नाहीये. त्यांचं हळूहळू झालंय, तिन्ही नळ्यांत झालंय, आणि वर चौदा वर्षांची शुगर. दोघांच्या तोंडी शब्द एकच, 'ब्लॉकेज', म्हणून आजार एकच असं नसतं.

आणि हे पण सांगून ठेवते की मी डॉक्टर नाही, २६ वर्षं हार्टच्या आयसीयूत सिस्टर होते, बाबांच्या अँजिओग्राफीची सीडी मी बघितलेली नाही. पण तू विचारलंयस तर गोलगोल बोलत नाही. तू लिहिलंय तेवढंच खरं धरलं तर माझं मत बायपासकडं आहे. का ते सांगते.

आपल्याकडं उजनी धरणावरनं येणारी जुनी पाइपलाइन कुठंतरी फुटते, मग माणसं जातात, तेवढा तुकडा दुरुस्त करतात, दोन दिवसांनी पाणी सुरू, आणि थोड्या दिवसांनी पेपरात परत बातमी की आता दुसरीकडं फुटली. स्टेंट म्हणजे त्या तुकड्याची दुरुस्ती. जिथं ब्लॉकेज आहे तिथं बलून फुगवून जागा करायची आणि आत जाळीची नळी बसवायची, तेवढा इंच-दीड इंच भाग मोकळा. बायपास म्हणजे समांतर जलवाहिनी. जुन्या लाइनीला हातच लावायचा नाही, नवीन लाइन टाकायची आणि खराब भाग सोडून पुढं जोडायची. आता जुन्या लाइनीत त्या जोडाच्या अलीकडं उद्या आणखी काही बिघडलं, अगदी नवीन ब्लॉकेज झालं, तरी गावाला पाणी मिळत राहतं. (फरक एवढाच की बायपास चार-पाच तासांत होते, आपली समांतर जलवाहिनी किती वर्षं ऐकत होतो ते तुला सांगायला नको.)

शुगरवाल्यांचं दुखणं नेमकं इथंच असतं. त्यांच्या नळ्या एका जागी खराब नसतात, लांबच्या लांब खडबडीत झालेल्या असतात, रिपोर्टमध्ये 'डिफ्यूज' असा शब्द दिसला तर तो हाच. आज ९० टक्क्यांच्या जागी स्टेंट टाकला, तर जिथं आज ४० टक्के आहे तिथं तीन वर्षांनी काय होईल याचा त्या स्टेंटशी काही संबंध नाही.

दुसरं कारण आणखी मोठं आहे आणि ते पेशंटला सहसा कुणी समजावून सांगत नाही. छातीच्या आत, बरगड्यांच्या मागून, एक रक्तवाहिनी वरनं खाली जाते, डॉक्टर लोक तिला लिमा म्हणतात. सर्जन तिचं खालचं टोक सोडवून एलएडीला जोडतात. एलएडी म्हणजे हृदयाच्या समोरच्या बाजूला रक्त देणारी सगळ्यात महत्त्वाची नळी, बाबांचं ९० टक्के तिच्यातच आहे आणि ते पण सुरुवातीलाच, म्हणजे पुढचा सगळा भाग त्या एका अरुंद जागेवर अवलंबून. ही लिमा अशी चिवट की दहा वर्षांनी तपासलं तरी १०० पैकी ९० पेक्षा जास्त चालू सापडतात. पायातनं काढलेल्या शिरांचं तसं नाही, त्या दहा वर्षांत जवळपास निम्म्या बंद पडतात किंवा खराब होतात. म्हणून बायपास ठरली तर सर्जनना पहिला प्रश्न हा विचार की एलएडीला लिमाच लावणार ना. बहुतेक लावतातच, पण तू विचारलंस की त्यांना पण कळतं समोरचा नुसता मान हलवणारा नाहीये.

आता आकडे. २०१२ साली फ्रीडम नावाचा एक मोठा अभ्यास आला, त्यात १९०० पेशंट, सगळे शुगरवाले आणि एकाहून जास्त नळ्या खराब असलेले, म्हणजे बाबांसारखेच. निम्म्यांना स्टेंट, निम्म्यांना बायपास. पाच वर्षांत मृत्यू, अटॅक किंवा पॅरॅलिसिसचा झटका यातलं काही ना काही झालेले स्टेंटच्या बाजूला १०० पैकी साधारण २७, बायपासच्या बाजूला १९. नुसते मृत्यू बघितले तर १६ आणि ११. पण झटक्याच्या बाबतीत उलटं होतं, बायपासमध्ये ५, स्टेंटमध्ये अडीचच्या आत. हा शेवटचा आकडा घरात कुणी लपवू नका, आईपासून पण नको. ऑपरेशन मोठं आहे आणि पहिला महिना त्याचाच धोका जास्त असतो, फायदा दिसतो तो वर्षं जातील तसा.

तुमचे दुसरे डॉक्टर म्हणतील ते स्टेंट जुने होते, आता नवीन आलेत. बरोबर आहे त्यांचं. २०२५ मध्ये फेम-३ नावाच्या अभ्यासाचे पाच वर्षांचे निकाल आले, त्यात नवीन स्टेंट होते आणि प्रेशर वायरनं मोजून जिथं खरंच गरज आहे तिथंच टाकले होते, तर मृत्यू-अटॅक-झटका एकत्र धरल्यावर दोन्हीत फार फरक राहिला नाही. पण अटॅक आणि परत प्रोसिजर करायची वेळ स्टेंटवाल्यांवर जास्त आली, आणि त्या अभ्यासात शुगर नसलेलेच लोक जास्त होते. म्हणून शुगर आणि तीन नळ्या एकत्र आल्या की अजून पण तराजू बायपासकडंच झुकतो. ते डॉक्टर काही तुला फसवायलेत असं नाही, ज्याच्या हातात जे कौशल्य असतं त्याला ते आधी सुचतं, सर्जनला पण तेच लागू.

दाजींना सांग की बायपास १९६७ पासून चाललीय, अर्जेंटिनाच्या रेने फाव्हालोरोंनी अमेरिकेत पायाची शीर वापरून सुरू केली, आणि बलूनची अँजिओप्लास्टी १९७७ मध्ये झुरिकला आंद्रेआस ग्रुंटझिगनी पहिल्यांदा केली. म्हणजे दोन्ही आता आजोबा झालेत, 'आजकाल' कुठलंच नाहीये. प्रत्येक घरात एक पुण्याचे दाजी असतातच, त्यांचं ऐकून घ्यायचं, चहा द्यायचा.

माझ्या स्वतःच्या घरचं सांगते. माझा थोरला भाऊ, शुगरवाला, नुसती अँजिओग्राफी करायला म्हणून एका हॉस्पिटलात नेला, गावाचं-हॉस्पिटलचं नाव सोडून दे. मी बाहेर बाकावर बसलेले, पंधरा-वीस मिनिटांत दार उघडलं, शिशाचा एप्रन घातलेला एक मुलगा, हातात फॉर्म आणि पेन, म्हणतो ताई तीन ठिकाणी आहे, पेशंट टेबलावरच आहे, आत्ताच टाकून घेऊ, परत परत सुई कशाला, पाच मिनिटांत सांगा. मी या लाइनीतली बाई, दुसऱ्यांच्या नातेवाइकांना 'घाबरू नका, विचार करा' सांगणारी, आणि माझाच हात थरथरत होता, केली सही. चार वर्षांनी स्टेंटच्या पुढंमागं परत भरलं, तेव्हा बायपास झालीच, आणि तोवर पंपिंग पण उतरलेलं. त्या डॉक्टरांनी काम नीट केलं होतं, त्याबद्दल तक्रार नाही. माझा राग आहे तो त्या पाच मिनिटांवर. तुला ती पाच मिनिटं कुणी दिली नाहीत, अँजिओग्राफी करून बाबांना घरी आणलंस, हे नशीब समज.

म्हणून आता असं कर. दुखणं फक्त चालल्या-चढल्यावर येतंय आणि बसल्यावर जातंय तोवर नीट विचारायला थोडे दिवस मिळतात, किती ते डॉक्टरांनाच विचार, गोळ्या एक पण चुकवू नका. पण बसल्याजागी दुखायला लागलं, दुखणं वाढत चाललं, घाम फुटला, दम लागला, डावा हात किंवा जबडा भरून आला, तर मग बायपास का स्टेंट हे सगळं बाजूला, सरळ १०८ ला फोन, रिक्षाची वाट बघत सात रस्ता चौकात उभं राहायचं नाही.

सीडी आणि रिपोर्ट घेऊन कार्डिओलॉजिस्ट आणि सर्जन दोघं एकाच ठिकाणी असतील तिथं जा आणि म्हण की दोघांनी मिळून बघा आणि मग सांगा. तिथं सिंटॅक्स स्कोर किती येतो विचार, ब्लॉकेज किती किचकट आहेत याचा तो हिशोब असतो, २२ पर्यंत सोपं, ३३ आणि वर गेलं की अवघड, आणि जितका वर तितका बायपासचा पक्ष भक्कम. स्टेंटवाल्यांना विचार की चार स्टेंटमध्ये सगळे महत्त्वाचे ब्लॉकेज निघणार का काही तसेच राहणार. सर्जनना विचार की पुढच्या नळ्या जोडण्याएवढ्या चांगल्या आहेत का, कारण काही शुगरवाल्यांच्या नळ्या पुढं इतक्या बारीक झालेल्या असतात की शिवायला जागाच नसते, मग बायपासचा उपयोग नाही आणि तेव्हा मी पण स्टेंट किंवा गोळ्याच म्हणेन. मानेच्या नळ्यांची डॉपलर, किडनीसाठी क्रिएटिनिन, तीन महिन्यांची शुगर हे तर होईलच.

आणि एक गोष्ट तू लिहिलेली नाहीस पण माझ्या डोक्यात पहिली तीच आली. चाळीस वर्षं माग. म्हणजे चाळीस वर्षं सुताचा तूस छातीत. मागावरच्या माणसांचं फुप्फुस वरनं ठीक दिसतं, बोलता-चालता येतं, आणि ऑपरेशननंतर व्हेंटिलेटर काढायच्या वेळी अडतं, असे मी कितीतरी पाहिलेत, सोलापूरच्या पूर्व भागातले तर फारच. तेव्हा फुप्फुसाची फुंकायची तपासणी, पीएफटी, ऑपरेशनच्या आधी करून घ्या आणि डॉक्टरांना स्वतःहून सांगा की बाबा मागावर होते. फुप्फुस फारच खराब निघालं तर माझं वरचं सगळं बायपासपुराण फिरू शकतं. ठीकठाक निघालं तर आधी आठ-दहा दिवस ते तीन गोट्यांचं फुंकायचं यंत्र रोज करायला लावा, २०० रुपयांचं खेळणं दिसतं पण नंतर फार कामाला येतं.

मावा खातात का ते पण तू लिहिलं नाहीस. चाळीस वर्षं मागावर काढून मावा खात नाहीत यावर माझा विश्वास बसणार नाही. आजपासून बंद. स्टेंट असो का बायपास, तंबाखू चालू राहिली तर केलेल्या कामाची माती होते.

आता आईचं. त्यांना खोटं सांगू नकोस की काही नाही हो छोटंसं ऑपरेशन आहे, कारण मग आयसीयूच्या काचेतनं बाबांना नळ्या लावलेले बघितले की त्यांचा तुझ्यावरचा विश्वास उडेल. खरं सांग. छातीचं मधलं हाड कापतात, काम झालं की स्टीलच्या तारेनं बांधतात, ती तार आयुष्यभर आत राहते आणि काही करत नाही. आपल्याकडं बऱ्याच ठिकाणी हृदय चालू ठेवूनच बायपास करतात. बाकी तब्येत बरी असेल आणि ठरवून केलेलं ऑपरेशन असेल तर चांगल्या ठिकाणी १०० तले एक-दोन दगावतात, म्हणजे धोका आहे, पण आईच्या मनात आहे तेवढा नाही. आयसीयूत दोन-तीन दिवस, एकूण आठवडाभर. पहिले दिवस खोकला आला की जीव जातो, छाती उघडतेय असं वाटतं, तेव्हा उशी छातीशी घट्ट धरून खोकायचं असतं. आमच्याकडं उशा कमी पडायच्या, मग पेशंटचे नातेवाईक घरनं टॉवेल आणायचे, आपलेच सोलापुरी, जाड, त्याची घट्ट गुंडाळी करून द्यायचो. एक आजोबा होते, टॉवेलच्याच कारखान्यातले, खोकला आला की गुंडाळी कवटाळायचे आणि ओसरला की टॉवेलची किनार बोटानं चाचपून म्हणायचे, "कुणी विणलाय बे हे, धागा सोडलाय." तिसऱ्या दिवशी. तेव्हा कळलं आता हे घरी जाणार. आईला असं एक काम दे, गुंडाळी करायचं, रडणं थोडं थांबेल.

पैशाचं तू लाजून लिहिलं नाहीस बहुतेक. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत दोन्ही बसतात, रेशन कार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राच्या टेबलावर जा, अॅडमिट व्हायच्या आधी जा, नंतर धावपळ होते. बाहेरनं पैसे भरून स्टेंट करणार असाल तर स्टेंटची कमाल किंमत सरकारनं २०१७ पासून बांधलीय, तेव्हा औषधवाल्या स्टेंटची २९,६०० ठरली होती, पुढं थोडी बदलत गेली, बिलात प्रत्येक स्टेंटची किंमत वेगळी दाखवायला लावा आणि डब्यावरचा स्टिकर फाइलला चिकटवून घ्या. फक्त 'स्टेंट स्वस्त' हे गणित चार स्टेंटवर टिकत नाही, त्यात परत करायची वेळ आली तर मुळीच नाही. सोलापूर का पुणे म्हणशील तर नेहमी बायपास करणारी टीम इथं मिळत असेल तर इथंच करा, रात्री दोनला जखमेतनं पाणी आलं तर दाजींच्या फ्लॅटपेक्षा आपला अशोक चौक बरा.

सगळं विचारून शेवटी स्टेंटच ठरले, फुप्फुसामुळं म्हणा किंवा बाबांनीच बायपास नको म्हटलं म्हणून, तर मनाला लावून घेऊ नकोस. फक्त रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या सहा महिने ते वर्ष, डॉक्टर सांगतील तेवढे दिवस, एक दिवस पण चुकवायच्या नाहीत. एक पेशंट दात काढायचा म्हणून स्वतःच्या मनानं दोन्ही बंद करून बसला होता, पाचव्या दिवशी स्टेंटमध्ये गुठळी होऊन आमच्याकडं आला.

आता ता.क. तुम्ही सगळे हसला त्यावर, पण तुझ्या अख्ख्या पत्रात बाबांना स्वतःला काय पाहिजे हे सांगणारी ती एकच ओळ आहे. बाकी आई काय म्हणते, दाजी काय म्हणतात, दोन डॉक्टर काय म्हणतात. बाबांना समोर बसवून सगळं सांगितलं का कुणी? का ते आतल्या खोलीत आणि तुम्ही बाहेर कुजबुजताय? त्यांना डॉक्टरसमोरच्या खुर्चीत बसव आणि हा काठीचा प्रश्न त्यांनाच त्यांच्या तोंडानं विचारू दे.

माझं उत्तर मी देते. यंदा काठी धरता येणार नाही. आता ऑक्टोबर चालूय, या महिन्यात बायपास झाली तरी संक्रांतीला तीन महिने होतील, हाड तोवर जुळून आलेलं असतं पण नंदीध्वज पेलायचा म्हणजे कमरेवर, छातीवर, दोन्ही हातांवर केवढा जोर येतो ते बाबांना मी सांगायला नको. पहिले दोन-तीन महिने तर पाण्याची बादली पण उचलायची नाही, गाडी पण चालवायची नाही. ६८ लिंगांची फेरी अनवाणी, ती पण यंदा नको, शुगरवाल्याचा पाय आणि त्यात शीर काढलेली जखम, एक खडा रुतला तरी महिनाभर भोगावं लागतं. पण सगळं नीट पार पडलं आणि डॉक्टरांनी हो म्हटलं तर अक्षता सोहळ्याला पांढरी बाराबंदी घालून संमती कट्ट्यापाशी उभं राहून अक्षता टाकता येतील. गर्दीत धक्का लागू नये म्हणून तू पुढं उभा राहा. आणि पुढच्या वर्षीच्या काठीचं आत्ताच नाही म्हणू नका, तपासणीत पंपिंग किती येतंय ते बघून सर्जननाच विचारा, मात्र बाराबंदीची बंदं बांधताना छातीवरची जखम कशी सांभाळायची ते आईला आधीच दाखवून ठेव, कारण त्या दिवशी बाबा घाई करणार.

— मावशी